दिग्रस ते पांढरकवडा: बर्फावरची फळी आणायला

‘नवशिक्यांसाठी परवडणारे स्नोबोर्ड’ अशा मथळ्यांचे लेख मी महिनाभर वाचत होतो. सगळे इंग्रजीत. अडलेला प्रत्येक शब्द शोधून वाचले, कारण माझी अकरावी अर्धवट राहिली आहे आणि अर्धवट समजून पैसे घालवणं मला जमण्यासारखं नाही. सगळ्यांचं सार एकच निघालं. त्यांना जो बोर्ड ‘परवडणारा’ वाटतो, त्याची किंमत म्हणजे माझा जिनिंगमधला अख्ख्या हंगामाचा पगार. वरून सल्ला, ‘एवढंही शक्य नसेल तर घाई करू नका, एखाद्या मित्राचा जुना बोर्ड मागून घ्या.’

दिग्रसमध्ये कोणत्या मित्राकडे मागू? आमच्या मित्रांकडे जुना स्प्रे-पंप मिळतो.

तर हा लेख त्या सगळ्या लेखांवरच्या रागातून लिहितो आहे. तुमच्यापैकी कोणी असंच लहान गावात बसून बर्फावर उभं राहायची स्वप्नं बघत असेल, तर त्याला उपयोग होईल. नसेल बघत, तर पांढरकवड्याचा रस्ता तरी कळेल.

स्नोबोर्ड म्हणजे एक लांब फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. आमच्या तांड्यावर हे मी समजावून सांगितलं तेव्हा याडी, म्हणजे माझी आई, एवढंच म्हणाली, की पाय बांधून घेतल्यावर माणूस पळणार कसा.

मी या फळीच्या नादी लागलो ते कापसामुळे. जिनिंगमध्ये मी रेच्यावर काम करायचो. कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र म्हणजे रेचा. बोंडअळी आली की फाटकाबाहेरची गाड्यांची रांग आखूड होते, रेचे उशिरा सुरू होतात आणि लवकर थांबतात. गेल्या हंगामात तर संक्रांतीच्या आधीच आम्हाला घरी बसवलं. तेव्हा एक ठेकेदार तांड्यावरच्या काही पोरांना मनालीकडे कामाला घेऊन गेला. मला एका बर्फाच्या कॅम्पच्या किचनमध्ये भांडी घासायला लावलं. दुपारी भांडी संपली की मी उतारावर जाऊन बघत उभा राहायचो, आणि एखादा बोर्ड रिकामा असला तर तासभर मला द्यायचे.

हंगाम संपताना कॅम्पचे मालक ठाकूरजी म्हणाले, “पुढच्या साली स्वतःचं सामान घेऊन आलास तर उतारावर ठेवीन, शिकवणाऱ्यांच्या हाताखाली. सामान नसेल तर किचन आहेच.”

म्हणजे प्रश्न फळीचा नव्हता. पुढचा हिवाळा उतारावर काढायचा की गरम पाण्याच्या टाकीपाशी, हा होता.

पाऊस संपल्यापासून मी शोध सुरू केला. नागपूरच्या एका खेळाच्या दुकानात फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, “स्केटबोर्ड आहे, चार चाकांचा.” मी म्हटलं, चाकं नकोत. तो म्हणाला, “मग चाकं काढून घ्या.” आणि हसून फोन ठेवला. ऑनलाइन एका ठिकाणी बरा बोर्ड दिसला, पण आमचा पिनकोड टाकला की लाल अक्षरं यायची, ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही.’ आमच्या कापसाची गठाण इथून निघून कुठल्या कुठे जाते. तेव्हा सेवा उपलब्ध असते. उलट दिशेने एक फळी येऊ शकत नाही!

शेवटी बिलालची आठवण झाली. किचनमध्ये माझ्या बाजूला पोळ्या लाटायचा, काश्मीरचा. त्याच्या गावाजवळ स्नोबोर्ड भाड्याने देणारी दुकानं आहेत आणि ती दरवर्षी जुना माल काढून टाकतात. नवशिक्याने हे लक्षात ठेवावं. भाड्याचे बोर्ड मऊ, म्हणजे सहज वाकणारे असतात, चुका माफ करतात आणि दिसायला खरचटलेले असल्यामुळे स्वस्त जातात. बिलालने मी सांगितलेल्या मापाचा एक बोर्ड, बाइंडिंग म्हणजे पाय अडकवायचे पट्टे, आणि बूट असं सगळं मिळून ठरवलं. पैसे मी पाठवले. आणायचं कसं, हा प्रश्न त्यानेच सोडवला. दिवाळीच्या सुमारास काश्मीरचे सफरचंदाचे ट्रक हैदराबादकडे जातात. त्यांचा रस्ता नागपूरवरून, पांढरकवड्यावरून. एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सामान टाकलं. तो पांढरकवड्याच्या बायपासला त्याच्या ओळखीच्या व्यंकटीकाकांच्या टायरच्या दुकानात ठेवणार होता.

एवढ्या मोठ्या देशात माझी फळी सफरचंदांच्या मागून येणार होती, आणि शेवटचा तुकडा मला एसटीने गाठायचा होता.

सोबत इरफानला घेतलं. इरफान जिनिंगमधला फिटर. त्याचं घराणंच मेकॅनिकांचं. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड असते, ती सडलेली आहे का, पट्ट्यांचे स्क्रू मेलेले आहेत का, हे बघायला माझ्यापेक्षा तो बरा.

सकाळच्या पहिल्या गाडीने दिग्रस सोडलं. दिग्रसहून यवतमाळला दोन रस्त्यांनी जाता येतं. आम्हाला दारव्ह्यावरून जाणारी मिळाली. वेळ जास्त लागतो, पण बसायला जागा मिळते. रस्ता दारव्ह्यापर्यंत ठीक आहे, पुढे ज्याची कंबर दुखते त्याने मागच्या सीटवर बसू नये. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता. लांबून पांढरा दिसायचा, पण खिडकीतून नीट पाहिलं की बोंडं अर्धवट उघडलेली. आतला कापूस पिवळट, चिकटलेला. जिनिंगमध्ये असा माल आला की आम्ही नुसत्या वासावरून ओळखायचो.

शेजारच्या सीटवर एक मावशी होत्या. मी मांडीवर मोजायची टेप घेऊन पुन्हा पुन्हा उघडझाक करत होतो, ते त्यांना दिसलं.

“काय मोजाले चालला रे बाबू? वावर?”

“नाही मावशी, एक फळी आणायला चाललो. बर्फावरची.”

“बर्फावरची?” त्यांनी इरफानकडे पाहिलं, याला काही झालं आहे का अशा नजरेनं. “आपल्या इकडं बर्फ कुठं हाय?”

“गोळ्याच्या गाडीवर,” इरफान म्हणाला. “हा त्याच्यावरच उभा राहून घसरणार हाय, मावशी. म्हणून लहानशीच फळी पाह्यजे.”

अख्खी गाडी हसली. कंडक्टरसुद्धा. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. माणसाने बैल आणायला जातो म्हटलं तर कोणी हसत नाही. मोटारसायकल आणायला जातो म्हटलं तर पेढे मागतात. आपल्याला माहीत नसलेली वस्तू कोणी आणायला निघाला की तो वेडा! बोरी अरबला गाडी थांबली तेव्हा मावशी उतरल्या, आणि उतरताना मला म्हणाल्या, “पडू नको रे बाप्पा तिच्यावरून.” तेवढ्यात माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा इरफानसाठी ठेवला.

बोरी अरबच्या स्टँडवर भजी चांगली मिळतात, पण गाडी किती वेळ थांबेल याचा भरवसा नाही. इरफान कागदात बांधून घेऊन धावत आला. यवतमाळला गाडी बदलायची. तिथे तर्री-पोहे खाऊन घ्या, कारण पुढे पांढरकवड्यापर्यंत नीट काही नाही. जोडमोह्याच्या पुढे सागाचं जंगल लागतं आणि वाघापासून सावध राहायला सांगणारे फलक दिसतात. हा तुकडा सगळ्या प्रवासात सुंदर. पानं सुकायला लागली होती आणि गाडीच्या वाऱ्याने रस्त्यावर उडत होती.

वाटेत मी इरफानला काय काय तपासायचं ते पुन्हा सांगितलं. फळी उभी केली तर माझ्या हनुवटीपर्यंत आली पाहिजे. त्याहून लांब असेल तर नवशिक्याला वळवता येत नाही. रुंदी एवढी हवी की बुटाचं टोक बाहेर लोंबणार नाही. कडेला थोडा गंज चालेल, तडा चालणार नाही. तळाला बोट फिरवून बघायचं. ओरखडे चालतात, पण आतलं लाकूड दिसत असेल तर घ्यायचं नाही. आणि तळ कोरा हवा. तो मेण पितो, म्हणून बर्फावर घसरतो.

“अबे संद्या, किती वेळा सांगशील?” इरफान म्हणाला. “सोयरीक पाह्याले चाललो का आपण?”

“सोयरिकीत फसलो तर घरचे सोबत असतात. इथं मी एकटा पडेन.”

“पडशीलच तू. त्यासाठीच तर घेऊन राह्यला.”

पांढरकवड्याला उतरून बायपासपर्यंत ऑटोने गेलो. हायवे म्हणजे ट्रकांचं गावच. पंक्चरवाले, ढाबे, बॅटरीवाले, ट्रक रंगवणारे. व्यंकटीकाकांचं दुकान सापडायला वेळ लागला नाही, कारण दुकानाच्या भिंतीवर, टायरांच्या थप्पीच्या वर, माझी फळी लटकत होती.

लटकत होती आणि चमकत होती.

तळाच्या बाजूला दोन मोर काढले होते. मोरांच्या मध्ये कमळ. कमळाच्या वर ‘आईचा आशीर्वाद’, खाली ‘संदीप, दिग्रस’, आणि त्याच्याही खाली लाल-पिवळ्या अक्षरांत ‘ऑल इंडिया परमिट’. टोकाला बर्म्याने आरपार भोक पाडून त्यातून काळा गोंडा ओवला होता. गोंड्यासोबत लिंबू-मिरची.

मी नाव दोनदा वाचलं.

व्यंकटीकाका खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत आले. जाडजूड, हसरे. “तूच काय संदीप? कशी दिसून राह्यली?”

“हे कोणी केलं?”

“आपल्या मुन्ना पेंटरनं. शेजारीच बसते तो. ड्रायव्हर सांगत होता, पोट्टा पहिल्यांदा कामाला घेऊन चालला हे. म्या म्हटलं, नवी गाडी अशी उघडी-नागडी कोणी नेते काय? पाह्य, एक रुपया नाही लावला तुले.”

“तुम्हाला सांगितलं कोणी? मला विचारलं का? फोन नव्हता माझा? पार्सलवर नंबर होता!”

“अरे पण...”

“काका, ही बाजू कोरी लागते! हिला मेण लावतात! हिच्यावर ऑइलपेंट मारला म्हणजे ही बर्फाला चिकटेल, मी तोंडावर पडेन. आणि हे भोक? यातून पाणी आत गेलं की लाकूड फुगेल. बोर्ड संपला! कारखान्यात बनतो तेव्हा एवढं जपून बनवतात आणि तुम्ही त्याला लिंबू-मिरची बांधता?”

मी एवढ्या मोठ्याने बोललो, की बाजूच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर वळून पाहायला लागले. मी सहसा मोठ्याने बोलत नाही. काकांचा चेहरा उतरला. शेजारून मुन्ना पेंटर ब्रश हातात धरूनच आला. वाळकासा माणूस, कानावर पेन्सिल.

“काय झालं?”

“हा म्हणते, ही बाजू खाली राह्यते,” काका म्हणाले. “बर्फावर घासत जाते.”

मुन्नाने माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे कोणी पाह्यतच नाही?”

“नाही.”

“मंग म्या मोर कोणासाठी काढले?”

इरफान टायरवर बसून हसत होता. मला त्याचाही राग आला. मी फळी खाली उतरवली आणि मोराच्या पिसाऱ्याला नखाने खरवडलं, किती आत गेला आहे ते बघायला.

रंग उचलला गेला. सोलल्यासारखा. मी धरून ओढलं, तर अख्खा मोर अखंड निघून माझ्या हातात आला. चोच, तुरा, पिसारा, सगळं. त्याखाली तळ तसाच कोरा होता. मग मला कळलं. तो तळ ज्या प्लॅस्टिकचा असतो, त्याच्यावर रंग बसतच नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मुन्ना पेंटरचा मात्र अपमान झाला.

“हे होऊच शकत नाही,” तो म्हणाला. “माझ्या हातचा रंग असा निघत नाही. ट्रक सडते, भंगारात जाते, तरी माझं कमळ राह्यते. यानं तळाला तेल-बिल लावलं असन.”

“मेण पिलेलं असते ते, मुन्नाभाई,” इरफान म्हणाला. “त्याले दुसरं काही चढत नाही.”

मुन्ना तावातावाने आत गेला. परत कधी येणार नाही असं वाटलं, पण तो लांबी म्हणजे पुटी ओढायचा पत्रा घेऊन आला आणि खाली बसून स्वतःच्या हाताने कमळ, आशीर्वाद, परमिट, सगळं काढायला लागला. एक अक्षर ठेवलं नाही. काकांनी तो सुटा मोर उचलून दुकानाच्या आरशाला चिकटवला. इरफानने भोकात दोन ट्यूबांचा पक्का डिंक कालवून भरला. “पाण्याच्या टाकीले हेच लावतो. फुगू दे कसं फुगते ते.” मग त्याने कडा तपासल्या, पट्टे आवळून-सैल करून पाहिले, फळी माझ्याजवळ उभी केली. हनुवटीला बरोबर लागली.

बिलालने चोख माल पाठवला होता. मी त्याच्यावर खूश होतो. साधारण दहा मिनिटं.

मग बूट घातले.

नवशिक्यांनो, हा परिच्छेद नीट वाचा. स्नोबोर्डच्या सामानात पहिला पैसा बुटावर घालायचा, फळीवर नाही. फळी जुनी चालते, भाड्याची चालते, मोर काढलेली चालते. बूट मात्र पायाला असा धरून बसला पाहिजे की टाच जराही उचलली जाऊ नये. कारण तुम्ही फळीला जे सांगता ते टाचेने आणि बोटांनी सांगता. हे मी वाचलं होतं, पाठ केलं होतं, आणि तरी त्या बुटात माझा पाय विहिरीत बादली पडावी तसा आत गेला. दोऱ्या आवळल्या. टाच उचलली. ती बुटाच्या आत वर आली, बूट खालीच राहिला.

मी तिथूनच बिलालला फोन लावला. जे बोललो ते लिहीत नाही. हिंदीत होतं आणि चांगलं नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाई, तूने जो नंबर दिया, वही भेजा है. देख ले.”

पाहिलं. बुटावर तोच नंबर होता. माझ्या पायातल्या बुटाचा.

इरफानला हसू येईनासं झालं होतं. तो म्हणाला, “संद्या, तुझा तो बूट काढ बरं.”

“कशाला?”

“काढ तर.”

मी काढला. त्याने आत हात घातला आणि टोकातून दाबून बसलेला कापसाचा बोळा बाहेर काढला. मग दुसऱ्या बुटातून दुसरा.

तुमच्याकडे करतात का माहीत नाही. आमच्याकडे बूट एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस कोंबायचा. पाय वाढला की कापूस कमी करायचा. शाळेपासून असंच. पाय वाढायचा थांबला तरी नंबर तोच सांगायचा, कारण दुकानात गेल्यावर तोंडातून तोच निघतो. मी फळीची लांबी, रुंदी, कडा, मेण, सगळं शोधून काढलं. माझ्या पायाचं खरं माप मला कधी माहीतच नव्हतं.

व्यंकटीकाका पोट धरून हसायला लागले. मुन्नासुद्धा. ढाब्यावरचे दोघे काय झालं विचारायला आले आणि तेही हसले. एक म्हणाला, “भर ना मंग यातही कापूस. कापसाची काय कमी हाय यवतमाळ जिल्ह्यात?”

“टोकात भरून टाच थोडीच धरते!” मी म्हटलं.

मला हसू आलं नाही. एकदम गेला हिवाळा आठवला. कॅम्पवर दुपारी रिकामा बोर्ड मिळाला की सोबत बूट घ्यावे लागायचे. स्टोअरवाला विचारायचा, नंबर? मी हाच सांगायचो. उतारावर उभा राहायचो आणि पहिल्या वळणाला पडायचो. पुन्हा उठायचो, पुन्हा तिथेच पडायचो. ठाकूरजी वरून बघायचे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “इसमें बैलेंस ही नहीं है.” मी ते खरं मानलं. आमच्यात बॅलन्स नसेल, आम्ही सपाट मुलखातली माणसं, असं मी स्वतःला समजावलं. रात्री भांडी घासताना मी एका पायावर उभा राहून बॅलन्सचा सराव करायचो! आणि दोष काय होता? बूट.

मोठं घे, पुरेल. शर्ट मोठा घे, पुढच्या वर्षी होईल. सायकल मोठी घे, दांड्याखालून पाय घालून चालव. हे शहाणपण ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर मी चिडू शकत नाही. त्यांना एका वस्तूत चार वर्षं काढायची होती. पण जगातल्या काही वस्तू बरोबर मापाच्याच लागतात. आम्हाला बरोबर मापाचं काही मिळतच नाही, आणि मग लोक म्हणतात, याच्यात बॅलन्स नाही. हा राग मला अजून आहे. तो जाऊ नये असंही वाटतं.

मुन्नाने सफरचंदाच्या पेटीचा एक पुठ्ठा आणून खाली टाकला. “उभा राह्य याच्यावर. मोजे काढून. दोन्ही पायांवर वजन दे.” कानावरची पेन्सिल काढून त्याने माझ्या पायाभोवती रेघ मारली. मोराला काढली असेल तशीच, हात न उचलता. “पाय तर पोट्टीवानी लहान हाय रे तुझा.”

मी टेप लावली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत साडेचोवीस सेंटिमीटर. हे बूट सेंटिमीटरमध्येच मिळतात. एवढं सोपं होतं ते.

काकांनी मोठे बूट परत पोत्यात बांधले. “ड्रायव्हर हैदराबादहून माघारी येईन तवा त्याच्याजवळ देतो. तुझा तो बिलाल बदलून देईन ना?” मी हो म्हटलं. मग म्हटलं, “काका, मघाशी जरा जास्त बोललो.”

“बोलला तर बोलला. माल तुझा, तोंड तुझं.” मग पोत्याला गाठ मारत, “लिंबू-मिरची तरी ने. ते घासत नाही ना खाली?”

ती घेतली.

परतीच्या प्रवासाबद्दल दोनच गोष्टी. पांढरकवड्याहून यवतमाळची दुपारची गाडी गच्च भरून येते, सामान असेल तर स्टँडवरूनच बसा. आणि एसटीत स्नोबोर्ड नेणार असाल तर भांडायची तयारी ठेवा. कंडक्टर म्हणाला, हे फर्निचर आहे, लगेज लागेल. मी म्हटलं, हे खेळाचं सामान आहे, मांडीवर घेतो. तो म्हणाला, “मांडीवर पलंग घेतला तरी लगेज लागते.” इरफानने गुपचूप पैसे देऊन टाकले. त्यावरून मी त्याच्याशी यवतमाळपर्यंत बोललो नाही. त्याने माझ्या वाट्याची भजी खाल्ली. एकंदरीत दोघांचा जाण्या-येण्याचा आणि खाण्याचा खर्च एका चांगल्या बुटाच्या दोरीएवढाही झाला नसेल. दिवेलागण होऊन गेल्यावर दिग्रसला पोचलो.

घरी फळी भिंतीला टेकवून ठेवली. याडीने तिला हात लावून पाहिला, हे घराबाहेर नको ठेवू म्हणाली, दव पडतं. मग मी वाट बघत बसलो. ड्रायव्हरला हैदराबादला परतीचं भाडं मिळेना. दर दोन दिवसांनी काका फोन करायचे, “आला नाही अजून.” कॅम्प उघडायचे दिवस जवळ आले आणि बूट पांढरकवड्यातच होते.

शेवटी ठाकूरजींचाच फोन आला. सामान झालं का? मी म्हटलं, बोर्ड आहे, पट्टे आहेत, बूट यायचे आहेत. ते म्हणाले, “तो फिर अभी किचन में आ जा. सामान पूरा होगा तब देखेंगे.”

मी हो म्हणणार होतो. मला फोनवर मोठ्या माणसांशी बोलताना घाम येतो, आणि हो म्हटलं की फोन लवकर संपतो. पण पांढरकवड्याचा राग अजून अंगात होता. मी म्हटलं, “ठाकूरजी, किचनमध्ये आलो तेव्हा मी घरून भांडी आणली होती का? कढई माझी होती का? मग उतारावर काम करायला प्रत्येक वस्तू माझ्या घरची का पाहिजे? एवढा बोर्ड आणला ना मी.” हे हिंदीत म्हटलं, तुमच्यासाठी मराठीत लिहिलं.

मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. किचनसुद्धा गेलं.

मग त्यांनी विचारलं, “पैर कितने का है तेरा?”

“साडे चौबीस सेंटिमीटर.”

“साडे चौबीस?” ते कोणाशी तरी बोलले. कपाट उघडल्याचा आवाज आला. “पड़े हैं स्टोर में. नए जैसे. छोटा नंबर कोई लेता नहीं. लाल रंग के हैं, लेडीज वाले.”

“लाल चालतील.”

“पिछले साल क्यों नहीं बताया?”

मी म्हटलं, “तो मैं किचन में आऊँ या ढलान पर?”

“सुबह ढलान पर. शाम को बर्तन.”

“बर्तन का अलग मिलेगा?”

याडी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिने मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मग ठाकूरजी हसले की खोकले, कळलं नाही. म्हणाले, “आ जा, बैठ के बात करेंगे.”

परवा निघतो आहे. फळी गोधडीत गुंडाळून बांधली आहे. बिलालला कळवलं की बूट पोचतील तेव्हा बदलायचे नाहीत, विकून टाक. बसून बोलू असं ठाकूरजी म्हणाले आहेत, पण बसल्यावर मी सगळ्याला हो म्हणतो, मला माहीत आहे. त्यामुळे आधी ते लाल बूट घालणार, दोऱ्या आवळणार, टाच उचलली जात नाही ना ते बघणार, आणि मग जे बोलायचं ते उभ्यानेच बोलणार.